सपाटीवरचा ठसका

कोल्हापुरातल्या आमच्या घरात दिवस उजाडायचा तो हत्यारं उकळण्याच्या आवाजानं. पुढच्या दोन खोल्यांत आईचं लहानसं प्रसूतिगृह होतं आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहायचो. मधल्या बोळात एका स्टोव्हवर जर्मनचा मोठा डबा चढवलेला असे. पाणी उकळायला लागलं की आतले चिमटे आणि कात्र्या एकमेकांवर आपटून बारीक किणकिणत. स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या स्टोव्हवर चहा असायचा. अंथरुणात पडल्या पडल्या कुठला स्टोव्ह फरफरतोय हे मला ओळखता यायचं, आणि चहाचा पेटला की मी उठायची. फिनेलचा वास, धुरीचा वास आणि गंगव्वा थापत असलेल्या भाकरीचा वास हे तिन्ही मिसळून आमच्या घराचा एक वास झाला होता. बाहेरून येणाऱ्याच्या तो नाकात बसायचा. मला मात्र तो नसला की चुकल्यासारखं व्हायचं, आणि खरं सांगायचं तर अजूनही होतं.

गंगव्वा गडहिंग्लजच्याही पलीकडची, सीमेवरच्या एका खेड्यातली. दवाखान्यात ती आया होती आणि घरात स्वयंपाकीण. रागावली की कानडीत बोलायची, त्यामुळं तिचा राग कुणाला फारसा लागला नाही. बाळंतीण घरी जाताना तिच्या माणसांनी काही ना काही आणून दिलेलं असायचं. कधी तांब्याभर काकवी, कधी खरवस, कधी टोपलीभर वांगी. आईला ते नाकारता येत नसे आणि आम्हाला संपवता येत नसे. काकवी आणि गरम भाकरी एवढ्यावर आमच्या कितीतरी सकाळी निघाल्या. आता डॉक्टरांनी गोड बंद केलंय, पण गुऱ्हाळावरून कुणी काकवी आणली की बोट बुडवल्याशिवाय मला राहवत नाही.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. माणूस तसा प्रेमळ, पण शिकवायला बसले की त्यांचा धीर सुटायचा. एकदा सांगितलेलं समोरच्याला कळलं नाही म्हणजे तो ऐकत नव्हता, असं त्यांचं ठाम मत होतं. मी त्यांच्याच कॉलेजात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते आणि त्यांच्याच विषयात कच्ची होते. संध्याकाळी ते मला घेऊन बसत. थोड्या वेळानं ते चष्मा काढून डोळे चोळू लागले की मी ओळखायची, आता हे उठणार. आणि ते उठायचे, आणि बाहेर पत्र्याच्या शेडमध्ये मोटारीपाशी जाऊन उभे राहायचे. ती मोटार त्यांनी एका वकिलांकडून जुनी घेतली होती. राखाडी रंगाची, गोल पाठीची, दार लावताना जाड पुस्तक मिटल्यासारखा आवाज करणारी. माझ्यापेक्षा ती समजूतदार आहे असं त्यांना वाटत असावं. ते ती स्वतः धुवायचे, स्वतः तेल बदलायचे, आणि दर रविवारी तिच्यातून आईला राधानगरीच्या रस्त्यावर घेऊन जायचे.

तिकडं भोगावतीच्या काठी एका गावात दूध सोसायटीची मागची खोली आईला रविवारपुरती मिळाली होती. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरच्या पोटुशा बायका त्या दिवशी तिथं येत. पाऊसकाळात त्या भागात आठ-आठ दिवस झड लागते, भाताच्या खाचरांतून बायका चिखल तुडवत यायच्या आणि पायऱ्यांवर पाय धुऊन आत बसायच्या. आईनं त्यांची तपासणी चालवलेली असताना अण्णा मोटारीत पेपर वाचत बसायचे. "तुमच्या आईचा रविवार" असं ते म्हणायचे, पण तो त्यांचाही होता.

त्या पावसाळ्यात कॉलेजच्या पायऱ्यांवरच्या शेवाळावरून अण्णांचा पाय घसरला आणि डाव्या मांडीचं हाड मोडलं. पायाला वजन बांधून त्यांना पाठीवर निजवून ठेवलं होतं. काही आठवडे दवाखान्यात काढल्यावर त्यांची खाट घरी मधल्या खोलीत आणली. खिडकीतून शेड दिसावी अशीच ती त्यांनी लावून घेतली. पहिले काही दिवस माणसं भेटायला येत होती. मग यायची थांबली, आणि अण्णांनी बोलणं कमी कमी करत आणलं. पेपर तसाच घडी न मोडता पडलेला असायचा. आई दोन बाळंतपणांच्या मधे येऊन त्यांच्या पायाची बोटं दाबून बघायची, "कळतंय का?" विचारायची, ते मान हलवायचे. गंगव्वानं त्यांच्यासाठी मुद्दाम कुळथाचं माडगं केलं तरी वाटी अर्धी परत यायची.

मोटार चालवायला मी त्याच उन्हाळ्यात शिकले होते. टेंबलाईच्या माळावर अण्णांनीच शिकवली होती, आणि गंमत म्हणजे ते शिकवताना त्यांचा धीर सुटला नव्हता. तेव्हा ती हौस होती. आता आई म्हणाली, "रविवार चुकवून चालायचं नाही. तू ने." झालं. मी मोटार काढली. राजारामपुरीतून बाहेर पडेपर्यंत माणसं वळून बघत. बसस्टॉपवरचा एकजण सोबत्याला मोठ्यानं म्हणाला, "बघ रं, पोरगी गाडी हाकत्या." आई खिडकीतून बाहेर बघत हसली. आपली लेक काही विशेष करते आहे असं तिनं कधीच दाखवलं नाही, आणि मला त्याचाच आधार वाटायचा.

दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मोटारीनं पहिला ठसका दिला. इंजिन छान गुणगुणत चाललेलं असताना मधेच दचकायचं, गाडीला पुढून कुणी धरून हिसका दिल्यासारखं व्हायचं, पाठोपाठ एक-दोन उचक्या, आणि पुन्हा सगळं सुरळीत. काही झालंच नाही असं. परत येताना पुन्हा तेच. घरी आल्यावर मी अण्णांना सांगितलं. "पेट्रोलात कचरा असेल," ते भिंतीकडं बघत म्हणाले.

पेट्रोलात कचरा नव्हता. उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्रींचं गॅरेज होतं, अण्णांचा त्यांच्यावर पहिल्यापासून विश्वास. एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला लेथ, आणि मधे ह्यांचं गॅरेज. त्या सगळ्या खणखणाटात दस्तगीरमामा कान बॉनेटला लावून इंजिन ऐकायचे. त्यांनी टाकी साफ केली, प्लग बदलले. गॅरेजात इंजिन सुरू करून बराच वेळ उभं ठेवलं. "काय बी न्हाय बघा ताई," ते म्हणाले, "मखमल चालत्या." रविवारी ती पुन्हा खोकली. मग त्यांनी पॉइंट बदलले. मग कंडेन्सर. मग कॉइल. दर वेळी गाडी गॅरेजात शहाण्यासारखी उभी राहायची, गल्लीत एक चक्कर मारून यायची, आणि नदीकाठच्या रस्त्याला लागली की उचकी द्यायची. दस्तगीरमामा डोक्यावरची टोपी मागं सारून म्हणाले, "मिसिंग हाय ह्ये खरं हाय. खरं माझ्यासमोर करंना झाल्या. समोर करंल तवा मी धरनार की." त्यात त्यांची काही चूक नव्हती. असला मधूनच होणारा बिघाड फार वाईट. डॉक्टरांकडं गेल्यावर ताप उतरावा तसं ते असतं.

एका रविवारी परतताना मोटार इतकी खोकली की आईच्या मांडीवरची बॅग खाली पडली. घरी आल्यावर मी अण्णांच्या खाटेशी जाऊन म्हटलं, "अण्णा, मला वाटतं ह्या गाडीचं आता काही खरं नाही." त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"काय झालं?"

"मला वाटतं इंजिनच गेलंय. मला वाटतं पावसाचं पाणी—"

"वाटलं ते सांगू नकोस. झालं ते सांग. कुठं झालं? किती वेगात होतीस? पाऊस होता?"

मला यातलं एकही नीट सांगता आलं नाही. मी ती उचकी येईल म्हणून घाबरून स्टिअरिंग घट्ट धरून बसलेली असायची, कुठलं लक्ष राहणार? अण्णांचा हात सवयीनं चष्म्याकडं गेला. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं आणि मग लक्षात आलं, हे कुठं उठणार आहेत.

आई तेवढ्यात कोपरापर्यंत हात धुऊन टॉवेलला पुसत खोलीत आली होती. ती दारातच थांबून ऐकत होती. "तुम्ही ती केव्हा खोकते ते विचारताय," ती अण्णांना म्हणाली. "केव्हा खोकत नाही ते विचारा की. मी तर बायकांना आधी तेच विचारतो." आमच्याकडच्या बायकांसारखंच आई स्वतःबद्दल बोलताना 'जातो, येतो, विचारतो' असंच म्हणायची, डॉक्टरीण झाली तरी. एवढं बोलून ती पुढच्या खोलीत गेली. अण्णांनी चष्मा पुन्हा नीट बसवला. मग म्हणाले, "बरोबर आहे तिचं. पुढच्या वेळी तू हेच बघ. न खोकता चालते तेव्हा काय काय असतं."

पुढं मी आयुष्यभर मुलींना विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेत निरीक्षण कसं करायचं यावर पुष्कळ बोलले असेन, पण माझं खरं शिक्षण त्या पुढच्या रविवारी झालं. मी घाबरायची थांबले आणि बघायला लागले. गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं तर ठसका नाही. गावातून, थांबत, सुटत जाताना क्वचित. पुईखडीच्या चढाला ॲक्सिलरेटर पार दाबला, पाऊस धो धो पडत होता, गाडीत आम्ही दोघी आणि औषधांच्या पेट्या. मोटार घरघरत चढली, एकदाही चुकली नाही. आणि पुढं सपाटीला लागल्यावर, रस्ता बरा, गाडी आरामात चाललेली, पाय नुसता टेकवलेला, की झाली सुरू. येताना मी मुद्दाम तसं करून पाहिलं. सपाटीवर पाय दाबला की उचकी बंद. सैल केला की पुन्हा. आई म्हणाली, "काय करालीस तू मघापासून?" मी म्हटलं, "तपासतेय."

घरी येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. "उलटं सांगतेस. चढावर इंजिनावर जोर येतो. ठिणगी कमी पडायची असेल तर तिथंच कमी पडेल. सपाटीवर कशाला पडेल?"

"पण तिथंच पडते."

"तुझं लक्ष नसेल."

मला एवढा राग आला की माझा आवाज चढला. "अण्णा, झालं ते सांगतेय मी. वाटलं ते नाही."

 स्वयंपाकघरात गंगव्वा भाकरी थापत होती ती थांबली. अण्णांनी डोळे मिटले. मला वाटलं दुखावले असतील. ते तसेच डोळे मिटून म्हणाले, "मग माझं चुकतंय. तू म्हणतेस तसं होत असेल तर ठिणगी अशक्त नाही. दुसरं काहीतरी आहे, जे आरामात चालतानाच होतं." आणि मग, "पुन्हा सांग. पहिल्यापासून."

त्या आठवड्यात अण्णा बदलले. जेवताना मधेच हात थांबायचा. सकाळी मी चहा घेऊन गेले की काहीतरी विचारायचे. पाय सैल सोडल्यावर लगेच होतं की क्षणभरानं? शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला बसवून घेतलं आणि समजावलं, आणि आश्चर्य म्हणजे मला समजलं. इंजिनात हवा-पेट्रोल जातं तिथून, कारब्युरेटरपासून, बोटापेक्षा बारीक एक नळी निघते आणि डिस्ट्रिब्युटरकडं जाते. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगी कुठल्या प्लगला कधी द्यायची ते ठरवणारा डबा. गाडी आरामात चालली असली की त्या नळीतून हवा ओढली जाते आणि त्या ओढीनं डब्यातली एक चकती जराशी फिरते, ठिणगी थोडी आधी पडावी म्हणून. पाय पूर्ण दाबला की ओढ संपते. गाडी नुसती उभी असली तरी ओढ नाही. "म्हणजे ती नळी काम करते तेव्हाच आपली गाडी खोकते," अण्णा म्हणाले. त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी असे लकाकत होते. "सोमवारी दस्तगीरला सांग, नळी काढून तोंड बंद करायचं आणि गाडी सपाटीला पळवून बघायची. उद्याचा दिवस तेवढा सांभाळून जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं आवरत आलं होतं. आई हात धुत होती. इतक्यात चौघा माणसांनी घोंगडीच्या झोळीतून एका बाईला आणलं. तिचं नाव पारू. तिसरी खेप, पहाटेपासून कळा चालू. बरोबर सासू तानूबाई, साडी गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. आईनं तपासलं आणि बाहेर येऊन मला हळूच म्हणाली, "मूल आडवं आहे. इथं काही करता यायचं नाही. पोट उघडावं लागेल. गाडी काढ." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हात पुसायचं ती विसरली होती.

पारूला मागच्या सीटवर कुशीवर निजवलं. आई तिच्या समोर, दोन सीटच्या मधल्या अरुंद जागेत गुडघे टेकून बसली. तानूबाई माझ्या शेजारी. ती मोटारीत आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. तिनं समोरची कड दोन्ही हातांनी धरली आणि जोतिबाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बाकी रस्त्यावर येणाऱ्या एसटीचा त्या पावसात भरवसा नव्हता. गावात दुसरी मोटार नव्हती.

नदीकाठच्या सपाटीला लागलो आणि ठसके सुरू झाले. त्या दिवशी ते कधी नव्हे इतके जवळजवळ येत होते. प्रत्येक हिसक्याला मागून पारूचं कण्हणं ऐकू यायचं. पाय दाबावा तर ठसके थांबत, पण रस्ता खड्ड्यांचा, गाडी उडायची आणि ती किंचाळायची. सैल सोडावा तर उचक्या.

"शालन, धक्के नको देऊ," आई मागून म्हणाली.

"मी नाही देत गं."

एका वळणावर मोटारीनं लागोपाठ इतके आचके दिले की इंजिन बंदच पडलं. दोन्ही बाजूंना ऊस, वर पावसाची भुरभुर.  पारू तोंडानं श्वास घेत होती.

"काय झालं?" आई म्हणाली.

"मला एक करून बघायचंय. नळी आहे एक."

"किती वेळ लागेल?"

"थोडा."

तानूबाईनं मागं वळून पाहिलं. "बाई, पोरीच्या हातनं व्हईल का ह्ये? रानात कोन गडी असंल तर हाळी मारू का?"

"गाडीचं दुखणं तिलाच ठावं हाय," आई म्हणाली. "तिला बघू दे. तुम्ही पारूचा हात धरा हिकडनं." आणि मला, "बॅगेत चिकटपट्टी आहे. लागली तर घे." तिला नळीबिळी काही माहीत नव्हतं. जखम असेल तिथं पट्टी लागते, एवढ्यावरच तिनं ते सांगितलं असणार. पण मला नेमकी तीच हवी होती.

मी बॉनेट उघडलं. इंजिनातून वाफा निघत होत्या. अण्णांनी सांगितलेली नळी मी बोटानं माग काढत शोधली. कारब्युरेटरच्या टोकाला तिला रबराची टोपी होती, ती गरम होती आणि निघत नव्हती. मी पदर गुंडाळून पिळली, तेव्हा निघाली. उघड्या पडलेल्या भोकावर आईची चिकटपट्टी गुंडाळली, वर आणखी एक वेढा.  याचा उपयोग होणार की नाही हे मला माहीत नव्हतं. झालं तर झालं, नाहीतर धक्के देत जायचं, एवढंच मनात होतं. बॉनेट आपटून मी आत बसले. इंजिन लागलं.

पुढचा मैलभर रस्ता सरळ आहे. मी पाय सैल ठेवला आणि वाट बघत राहिले. काचेवरचा वायपर इकडून तिकडं फिरत होता. तानूबाईचं जोतिबा-जोतिबा चाललेलं. उसाच्या बाजूनं वारा येत होता. ठसका आला नाही. मोटार जराशी आळसावल्यासारखी ओढत होती, पण सलग ओढत होती. पूल गेला, हळदी गाव गेलं, पुईखडीचा चढ आला. चढावरून खाली ओल्या पत्र्यांचं कोल्हापूर दिसायला लागलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, आपण बराच वेळ जीभ दातांत धरून बसलोय.

सरकारी दवाखान्यात पारूला आत नेलं, आई तिच्याबरोबर आत गेली. तानूबाई आणि मी बाहेर बाकावर बसलो. तिनं कनवटीची मूठभर भडंग काढलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं. दिवेलागणीला आई बाहेर आली. "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत," ती म्हणाली. तानूबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि माझ्या पाठीवर थाप मारली, इतक्या जोरात की भडंग सांडलं.

अण्णा खिडकीशी कान लावून असावेत. आम्हाला एवढा उशीर कधी होत नसे. मी आत गेले तर ते उशीवर कोपर टेकून उठायचा प्रयत्न करत होते. मी सगळं सांगितलं. पारूचं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. नंतर त्यांनी एकच विचारलं, "नळी काढल्यावर? सपाटीवर?"

"एकदाही नाही."

ते उशीवर मागं पडले आणि हसायला लागले. पायाला बांधलेलं वजन हलू लागलं तशी आई पुढं होऊन ते धरून उभी राहिली. पण तिनं त्यांना थांबवलं नाही.

सोमवारी दस्तगीरमामाच घरी आले. अण्णांनी त्यांना शेडमध्येच, खिडकीसमोर, गाडी सुरू करायला सांगितलं. मग मला म्हणाले, "नळीचं टोक तोंडात धर आणि हवा ओढ." गॅरेजात उभ्यानं कधीच न चुकलेलं इंजिन, मी हवा ओढल्याबरोबर फट् करून अडखळलं. सोडली, सुरळीत. पुन्हा ओढली, पुन्हा अडखळलं. "पुन्हा," अण्णा आतून म्हणाले. ते तो ठसका आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. दस्तगीरमामा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आयला, सरांनी अंथरुनात पडून धरली की हिला."

"मी नाही," अण्णा म्हणाले. "तिनं धरली. मी नाहीच म्हणत होतो."

मामांनी डिस्ट्रिब्युटर काढून कागदात गुंडाळून खाटेवर आणला. दोघांची डोकी त्याच्यावर वाकली. चकतीला एक तार जोडलेली होती, बोटभर लांबीची, कापडी वेष्टणाची. बाहेरून धडधाकट. आईच्या चिमट्यानं अण्णांनी ती अलगद ताणली, तर वेष्टण रबरासारखं लांबलं. आतलं तांबं तुटलेलं होतं. चकती स्थिर असली की तुटलेली टोकं एकमेकांना टेकून राहायची. चकती फिरली की सुटायची. "कितींदा ही तार बघितली मी," मामा म्हणाले, "वरनं नवरीगत दिसत्या." त्यांनी दुसरी तार तिथंच जोडली. त्यासाठी गंगव्वानं चुलीतला निखारा आणून दिला, त्यावर जोड द्यायचा डाख तापवला.

अण्णांच्या पायाचं वजन दिवाळीनंतर निघालं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. क्लच दाबणं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा अण्णांनी फक्त "बरं" म्हटलं. पुढच्या रविवारी आम्ही निघालो तेव्हा ते काठी टेकत शेडपर्यंत आले. सवयीनं उजव्या दाराशी गेले, क्षणभर थांबले, आणि मागचं दार उघडून पाय लांब करून आडवे बसले. गावाबाहेर पडेपर्यंत त्यांच्या सूचना चालू होत्या. हॉर्न दे. गिअर लवकर बदललास. सायकलवाला बघ. आई पुढं बसून खिडकीबाहेर हसत होती. पुईखडीनंतर मात्र मागून आवाज आला नाही. मला वाटलं, सपाटी आली म्हणून कान देऊन बसले असतील. मी पाय नुसता टेकवून गाडी चालवत राहिले.

सोसायटीपाशी थांबलो तेव्हा तानूबाई नातीला खांद्यावर घेऊन पायरीवर उभीच होती. सरांना पोरगी दाखवायची म्हणून ती मोटारीशी आली, आणि काचेतून आत बघून थबकली.

"आजारी हाईत व्हय सर अजून?"

आईनं मागं वळून पाहिलं. अण्णांचं डोकं दाराला टेकलं होतं, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता.

"न्हाय," ती म्हणाली. "झोपल्यात."

"मग झोपू द्या की," तानूबाई कुजबुजली. आम्ही दारं न वाजवता लावली आणि पायऱ्या चढून आत गेलो.